पडद्याबाहेरचा गाडीवाला

जत्रेचा सीन संपला आणि ती बाई आजही उठली. केबिनच्या खिडकीतून खुशालराव ऑपरेटर बघतच राहिला. सोमवारपासून हेच चाललं होतं. तिकीट काढायचं, पुढे जमिनीवर बसायचं आणि मध्यंतराला घरचा रस्ता धरायचा. आज बुधवार. त्याचं डोकंच फिरलं. मध्यंतराचे दिवे लागताच तो खाली उतरला.

"काहून व बाई, सिनेमा आवडत नाही तं रोज येतं कायले?"

"सिनेमा कोन पाह्यते, भाऊ. जत्रेत माह्या घरचे हायेत. धारणीले शूटिंग झालं तवा बैलगाडीसंगं उभे केले होते त्याइले. माह्या दिरानं अमरावतीच्या टाकीत पाह्यले त्याइले. मले इथं दिसतच नाहीत."

"मंग त्याइलेच इचार ना, कुठं उभे होते."

"गेले ते चैतात. घरात एक फोटू नाही त्याइचा."

खुशालराव तसाच मागे फिरला. वर जाऊन त्याने जत्रेचं रीळ दिव्यासमोर धरलं. होता! अगदी डाव्या कडेला, कासरा धरून, फेटा बांधलेला. सिनेमे रुंद झाले, पण टॉकीजच्या मालकाने पडदा जुना, अरुंदच ठेवला होता. जास्तीचं चित्र भिंतीवर सांडू नये म्हणून खुशालरावने स्वतः कानशीने घासून पत्र्याची चौकट मशीनमध्ये बसवली होती. केवढा अभिमान होता त्याला तिचा! आणि तिनेच हा माणूस कापला होता. त्याच्या जिवाला फार लागलं.

गुरुवारी सिनेमाचा शेवटचा दिवस. रिळांच्या पेट्या संध्याकाळच्या गाडीने जाणार होत्या. तीनच्या खेळाला ती आली तेव्हा खुशालराव दारातच उभा होता.

"बाई, आज पडद्याकडे पाहू नोका. डाव्या हाताच्या भिंतीकडे पाहा."

जत्रेचं रीळ लावताना त्याने पत्रा काढून घेतला. चित्र पडद्याच्या दोन्ही अंगांनी भिंतीवर सांडलं. झालं! शिट्ट्या सुरू झाल्या. "अबे ओ ऑपरेटर, झोपला का बे!" बारा वर्षांत ही हाक त्याने कधी ऐकली नव्हती. कान तापले, पण पत्रा त्याने हातातच ठेवला.

भिंतीवर बैल आले, गाडी आली, माणूस आला. पण त्याचं तोंड नेमकं आग विझवायला टांगलेल्या वाळूच्या बादलीवर पडलं. ना नाक कळे, ना डोळे. हात्तिच्या! खुशालरावने कपाळावर हात मारला.

ती बाई, मनकर्णा नाव तिचं, उठली. लोकांच्या पायांवरून वाट काढत भिंतीशी गेली आणि बादली खुंटीवरून उतरवून बाजूला झाली. गाडीवाल्याचं तोंड उघडं पडलं. तो हसत होता.

मध्यंतराचे दिवे लागले. लोक चहाला बाहेर पडले. खुशालरावने खाली पाहिलं, तर वाळूने भरलेली ती बादली लेकरासारखी कडेवर घेऊन बाई अजून त्या कोऱ्या भिंतीसमोर उभी होती.