भाकरीवरची बुरशी

घनसावंगीचे भुजंग सर निवृत्तीनंतर ओसरीवर मुलांची फुकट शिकवणी घेत. त्यांच्या खोकल्यातून रक्त पडू लागलं, तशी गल्लीत टीबीची कुजबुज सुरू झाली आणि वीस मुलांतली एकटी आकांक्षा उरली. तिची आई पुष्पाबाई बाकीच्या बायांना सुनवायची, "माझ्या सासऱ्याला टीबी झाल्ता. गोळ्या खाल्ल्या, बरे झाले. तुम्ही कामून भिऊन राह्यल्या?"

जालन्याच्या डॉक्टरांनी छातीचा स्कॅन काढला, रक्त तपासलं आणि सांगितलं, "टीबी नाही, सर. फुफ्फुसात बुरशी वाढलीय. काही महिने गोळ्या घ्याव्या लागतील. पण ही एकाची दुसऱ्याला लागत नाही."

शेवटचं वाक्य सरांनी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी सगळ्या बायांना मुलांसह ओसरीवर बोलावलं. शिळ्या भाकरीचा हिरवट पडलेला तुकडा हातात धरून, वर्गात शिकवायचे तसं सावकाश समजावलं. "असलीच बुरशी माझ्या छातीत आहे. हिचे कण हवेत असतातच. माझ्याकडून मात्र कुणाला काही होत नाही."

बाया एकमेकींकडे बघत, मुलांचे हात धरून उठल्या. सरांनी नेहमीच्या जागी बसलेल्या आकांक्षाला म्हटलं, "चल बाळ, वही काढ."

 

पुष्पाबाईनं ती वही परत दप्तरात घातली. "टीबीला मी भ्याले न्हाई, सर. पण करोनात माझ्या भावाचा डोळा बुरशीनंच गेल्ता."