देवाच्या वाटणीची धार

घाटात आगगाडीचा बोगदा खणताना पोशाला दारू लागली, ती काय सुटंना. "आता प्यायलास तर पोरं घेऊन म्हायेराला जाईन," असं ठमीनं बजावलं, तेव्हा तो पळसदरीच्या दारू सोडलेल्या अकरा जणांच्या बैठकीला गेला. पण तिथली आण घ्यायची तर देवापुढं दारूचीच धार सोडायची. भगतानं भरली बाटली त्याच्या हातात दिली न् झटकन मागं सरला.

वास नाकात शिरला तशी पोशानं बाटली अंगापासून लांब धरली. एक घोट घेतला तर ठमी गेली, या भीतीनं त्याला घाम फुटला.

"आरं, वत की लवकर!" मागून भगत ओरडला.

पोशानं वळून बघितलं.

भगतासकट अकराही जणांनी नाकाला फडकी गच्च बांधली होती.