वाटणीतली मशीन

हेड फळीवर टेकलं, मागच्या बिजागऱ्या खट्कन बसल्या आणि सूर्यभान चक्रावला.

पारनेरच्या पेठेतल्या त्याच्या दुकानात जुन्या शिलाई मशिनींची इतकी दाटी, की गिऱ्हाइकानं उभं कुठं राहावं हाच प्रश्न. कुणाचं हेड कुणाच्या स्टँडवर चढवायचं, हे त्याचं रोजचंच. पण रंधा न मारता, पाचर न ठोकता असं बसलेलं हेड त्यानं पाहिलं नव्हतं. आणि वर हे! रॉकेलनं मळ पुसला तर उजव्या कोपऱ्यात लाल ऑइलपेंटचं स्वस्तिक. अर्धं लोखंडावर, अर्धं फळीवर, रेघेला रेघ जुळलेली. कधीतरी खंडेनवमीला कुणीतरी हौसेनं काढलेलं. आता स्टँड आणलं होतं एका बाईनं, टेम्पोत घालून. "ह्याला एखादं हेड बसवा," म्हणाली होती. हेड आणलं होतं दुसरीनं, एसटीतून, गोणीत. "ह्याला एखादं स्टँड बघा." मग ही भानगड काय?

त्यात त्यानं दोघींनाही आजच, बाजाराच्या दिवशी, बोलावून ठेवलेलं.

हेडवाली रंगुबाई आधी आली. मागोमाग स्टँडवाली छबूबाई. दोघींनी एकमेकींना बघितलं, पदर सावरले आणि दोन दिशांना तोंडं करून उभ्या राहिल्या.

"ही हितं कशाला आली, इचारा तिला," रंगुबाई सूर्यभानला म्हणाली.

"माझं स्टँड हाय म्हनावं हितं," छबूबाई भिंतीकडं बघत म्हणाली.

"तुमी वळखता व्हय एकमेकींना?"

"जाऊ हाय माझी!" दोघी एकदमच.

दोघींच्या मध्ये हातभर अंतर नव्हतं, पण एकीचा शब्द दुसरीला सूर्यभानच्या मार्फतच जात होता. त्यातून त्याला उमगलं ते एवढंच : घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा मशीन एकच होती. थोरली सोडेना, धाकटी सोडेना. शेवटी सासऱ्यानं पाना घेतला आणि हेड थोरलीला, स्टँड धाकटीला देऊन मोकळा झाला. तेव्हापासून हेड माळ्यावर, स्टँडावर पिठाचा डबा आणि दोघींचा अबोला.

"मग सोपं हाय की, मावशी," सूर्यभान म्हणाला आणि त्यानं स्क्रू ड्रायव्हर उचलला. "हेड उतरवतो. तुमाला दुसरं स्टँड देतो, ह्यांना दुसरं हेड."

"हात लावू नका!" पुन्हा दोघी एकदम.

"बरं, मग न्हेनार कोन?"

"मी!" दोघी.

सूर्यभाननं डोकं खाजवलं. असलं गिऱ्हाईक वैऱ्यालाही मिळू नये.

रंगुबाईनं पिशवीतून लाल खणाचे बेतलेले तुकडे काढले. "माझ्या पूजाच्या पोरीचं बारसं हाय परवा. माझी पयली नात. आजीच्या हातची कुंची नको तिला? म्हनून न्हेते. सांगा तिला."

छबूबाईनं आपली पिशवी उघडली. तिच्यातही कुंचीच. हिरव्या खणाची, कापून तयार.

"ही कुनाची?" सूर्यभान पुरता गोंधळला.

"पूजाच्याच पोरीची."

"हिचा काय संबंध? इचारा!"

"संबंध?" आता छबूबाईचा आवाज चढला आणि चढता चढताच फाटला. "आई रानात असायची तवा पूजाला न्हाऊमाखू कुनी घातलं, इचारा. परकर-पोलकी ह्याच मशीनवर कुनी शिवली, इचारा. बारशाचं बोलावनं न्हाई केलं, राहू दे. कुनाच्या तरी हातानं धाडीन मी."

रंगुबाईनं लाल तुकड्यांची घडी उगाच उलगडून पुन्हा घातली.

"आदी चालते का, ते तर बघा," सूर्यभान घाईघाईनं म्हणाला.

छबूबाई स्टुलावर बसली. "पायडल माझं हाय."

"सुई माझी हाय म्हनावं," रंगुबाई म्हणाली आणि बाजूला येऊन चाकाशी उभी राहिली.

हिरवा खण सुईखाली गेला. चाकाला हात रंगुबाईनंच लावला, पाय छबूबाईनं मारला, आणि मशीन चालली. चांगली चालली. छबूबाईचा पाय पहिल्यासारखाच भरभर. पण डोळे भरून आलेले, समोरचं नीट दिसेना, आणि खण सरकवता सरकवता बोट सुईच्या पार जवळ गेलं.

"अगं ए छबे, हळू! बोट जाईल!"

मशीन थांबली. रंगुबाईनं चाक घट्ट धरून ठेवलं होतं.

"ते मी मशीनला म्हनले," ती म्हणाली. "सांगा तिला."

छबूबाईनं पदरानं डोळे पुसले आणि पाय पुन्हा हलवला, पण हळू. हिरवी कुंची हळूहळू शिवून झाली. दात लावून तिनं दोरा तोडला.

"आता मशीन पोचवायची कुनाकडं?" सूर्यभाननं विचारलं. मशीन न्यायला छबूबाईनं आणलेला टेम्पोवाला बाहेर खोळंबला होता.

रंगुबाईनं आपले लाल तुकडे उचलले, नीट केले आणि फळीवर ठेवले. बरोबर त्या स्वस्तिकावर.

"ही बी शिवायची म्हनावं. आन् परवा सकाळी दोन्ही घिऊन यायचं, बारशाला." मग सूर्यभानकडं बघून जरा दरडावूनच म्हणाली, "मी मशीनला सांगते हाय."

सूर्यभाननं हिच्याकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं. त्याला खरंच काही कळेना. शेवटी तो खाली वाकला आणि मशीनलाच म्हणाला, "ऐकलं का?"

"ऐकलं," छबूबाई म्हणाली.