ठकुअक्कांचं गाव

या मंडळी, जवळ सरका. अडलेल्या प्रोग्रामची गोष्ट सांगते. अठ्ठ्याण्णव साली, कानडी मुलखातल्या यशवंतपुरात, आपल्या मराठी मंडळाच्या संध्याकाळच्या कीर्तनात बुवा सभासदांची नावं-गावं घेणार होते. पुण्याहून आलेली रंजिता पायथन या संगणकाच्या भाषेत ती माहिती फाइलीत उतरवत होती. ती जिच्या घरी राहत होती, त्या ठकुअक्कांच्याच नावापाशी प्रोग्राम अडला आणि पडद्यावर उमटलं: यांना 'गाव' हा गुणधर्मच नाही.

"अक्का, तुमचं मूळ गाव?"

"अय्यो, हेच की! तीनशे वर्षं इथंच चूल पेटते आमची. दुसरं कुठनं आणू?"

रंजितानं ओशाळून 'यशवंतपूर' भरलं. प्रोग्राम पुढं सरकला आणि तिच्याच नावाशी थांबला. आई गेल्यापासून पुण्यात तिची वाट बघणारं कुणी उरलं नव्हतं; कुठलं गाव लिहावं, हे तिला कळत नव्हतं.

अक्का म्हणाल्या, "सरी, बरं, माझंच गाव लिही. जेवायला वाट तर मीच बघते ना तुझी?"

मंडळी, पानावर बसाल तेव्हा आमच्या ठकुअक्कांना आठवा.