अध्याय पुरा कर

बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला आणि तनुजाचं पेन थांबलं.

बजाजनगरातली दुपार होती. नवरा सोमनाथ कंपनीत गेला होता. सकाळच्या शाळेतून आलेली लेक ईश्वरी चिवड्याच्या पुड्यावरची अक्षरं लावून लावून वाचत बसली होती.

"आई, बॅग कशाला भरताय?" तनुजानं सासूबाईंना विचारलं.

"गावाकडं पिशोरला जाते. कापूस फुटलाय."

"पण दिवाळीपर्यंत राहणार होतात ना?"

द्वारकाबाईंनी साड्या दाबून बसवल्या. त्या ईश्वरीला सांभाळायच्या म्हणूनच दुपारी तनुजाचं लिहिणं व्हायचं. पहिली कादंबरी अशीच झाली होती, दुसरी नुकती धरली होती. सासूबाई गेल्या की दुपार जाणार, आणि दुपारीबरोबर कादंबरीही.

"जायच्या आधी तुझं पुस्तक तरी ऐकव," द्वारकाबाई म्हणाल्या. "बाया इचारतील, सुनंनं काय लिव्हलं? मला कुठं वाचता येतंय!"

त्यांनी हात धुतले, डोक्यावरून पदर घेतला आणि श्रावणात पोथीला बसतात तशा बसल्या. पुस्तक पाटावर ठेवून स्वतःच उघडून दिलं. पानाचा कोपरा दुमडलेला होता.

"इथून वाच."

तनुजानं पान ओळखलं. या पानावर म्हातारी सुनेनं लिहिलेले कागद चुलीत घालते. हसत हसत.

द्वारकाबाईंनी असलं कधीच केलं नव्हतं. उलट लिहिताना चहा आणून ठेवायच्या, तोही पाय न वाजवता. पण पुस्तकातल्या म्हातारीची चाल त्यांची होती, खोकला त्यांचा होता, बोलताना मधेच 'व्हय की' म्हणणंही त्यांचंच. लिहिणाऱ्यानं हाताशी असलेलं माणूस बिनदिक्कत उचलावं, असं तनुजानं एका मुलाखतीत मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. उचललेलं माणूस समोर हात जोडून बसलं तर काय करायचं, हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

"दुसरं वाचू का, आई? हे जरा कंटाळवाणं आहे."

"नाय. पोथी मधी सोडत नसतात. अध्याय पुरा कर."

तनुजा वाचू लागली. डोळे छापलेल्या ओळींवर, तोंडात दुसरंच. म्हातारी कागद घेऊन चुलीपाशी आली. थांबली. चुरगळलेलं एक पान तिनं मांडीवर सरळ केलं. मग सगळे कागद फडताळात, पिठाच्या डब्यामागं ठेवले. तिथं ओल लागत नव्हती.

इतक्या घाईनं तिनं कधी रचलं नव्हतं. छापलेल्यापेक्षा हे बरं जमलंय, असंही मधेच वाटून गेलं.

अध्याय संपला. द्वारकाबाईंनी पुस्तकाला हात लावून कपाळाला लावला. मग सुनेकडं बघितलं.

"लई मायाळू हाय गं म्हातारी."

"हो ना, आई?"

"व्हय की." त्यांनी बॅग उघडली आणि वरची साडी काढून खुंटीवर टाकली. "वेचतील बाया कापूस. राहते दिवाळीपर्यंत."

तनुजानं पुस्तक मिटलं.

ईश्वरी पुडा टाकून मधे येऊन बसली.

"मम्मी, परवा मी आजीला हेच वाचून दाखवलं, तेव्हा तर पुस्तकातल्या म्हातारीनं कागद जाळले होते. आजी रडली पण. तू आज वेगळं का वाचलं?"