बी ठरायला माहेरी

“ही वांझ हाय, येवडं फक्त सांगा, बाई. मंग आमी काडी मोडाया मोकले,” कृष्णाबाई डॉक्टरीणबाईंसमोर ऐसपैस बसत म्हणाली. सुनेला, मैनेला, तिने दाराशीच उभं ठेवलं होतं. गव्हाणहून पनवेलपर्यंत शिव्या घालूनही बाईचं तोंड काही दुखलं नव्हतं.

मैना आत जाऊन तपासून घेऊन आली. वांझ ठरली की काडीमोड, आणि नवऱ्याचं, जगनचं, सत्यवतीशी लगीन. मुलगी पसंतही करून ठेवली होती. जगन मिठागरावर बैलासारखा राबायचा, पण आईपुढे त्याची वाचा बसायची. असला नवरा आणि असली सासू! तरी तेच घर टिकावं म्हणून मैना देवाला नवस बोलून आली होती.

“हिच्यात दोष दिसत नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “नवरा-बायको एकत्र कधी असतात?”

कृष्णाबाई फुलली. “भगतानं सांगितलंय तसंच. विटालाची आंगोल झाली का चार दिस नवऱ्याजवल. मंग बी ठराया पायजे म्हनून ओव्याला माहेरी. पुडची पाली येईस्तवर तिथून हलू देत नाय. मी सोता पोचवते, दर म्हयन्याला.”

डॉक्टरीणबाईंनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “घरी म्हैस आहे?”

“हाय की.”

“ती माजावर आली की ओरडते, म्हणून तुम्हाला कळतं. बाईचं बीज गुपचूप सुटतं, दोन पाळ्यांच्या साधारण मधोमध. जेमतेम दिवसभर टिकतं. तेव्हा तुमचा मुलगा गव्हाणला आणि सून ओव्याला. ठरणार काय, कपाळ?”

कृष्णाबाईचं तोंड एवढंसं झालं. पण दाराबाहेर पडेपर्यंतच. रस्त्यावर आल्याबरोबर तिने मैनेचा हात धरला, आणि आवाजात साखर पेरली.

“झालं गेलं इसर, पोरी. तुज्या भल्यासाटीच करीत होते. आता नाय धाडत तुला. सत्यवतीच्या बापाला आजच नाय म्हनून कलवते.”

सहा वर्षं याच बाईने तिला कुणाच्या बारशात पाळण्याजवळ फिरकू दिलं नव्हतं. ती ताटावर बसली की ‘फुकट खाते’ म्हणून ऐकवलं होतं. आणि मैना ते खरं मानून खाली मान घालून जेवली होती. आता त्या गोड झालेल्या तोंडाची तिला किळस आली. तिने हात सोडवून घेतला, पदर कमरेला खोचला आणि ओव्याच्या वाटेला लागली. जाताजाता एकदाच वळली.

“सत्यवतीलाच आना, आये. पन तिला मदल्या दिसांत माहेरी धाडू नका.”