सगळे डावेच

घुम्याच्या नावानं आलेलं पार्सल बाईंनी स्वतः सही करून घेतलं आणि गुपचूप टेबलाखाली सरकवलं. अखेर चोर मुद्देमालासकट सापडला होता.

कृत्रिम पाय बनवणाऱ्या त्या कारखान्यात बाई भांडार सांभाळत. नळ्या, पट्टे, रबरी पावलं, सगळं त्यांच्या हातूनच बाहेर जायचं. एकोणीस वर्षांत एक बक्कल इकडचं तिकडं झालं नव्हतं. घुम्या घासकामाला होता. तयार पाय चाकावर धरायचा आणि कडा गुळगुळीत करायच्या, एवढंच त्याचं काम. तोंडावर फडकं, केसांत रबराची भुकटी आणि बोलणं जेमतेम हो-नाही. म्हणून तो घुम्या.

संशयाची सुरुवात भंगाराच्या पिंपापासून झाली. चिरलेली, फुगे आलेली नापास पावलं त्यात पडायची. त्यातली बऱ्यापैकी पावलं अधूनमधून गायब होतात, हे बाईंच्या लक्षात आलं. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर बसायचे, तेव्हा घुम्याचं चाक मात्र फिरत असायचं. एकदा पाण्याची बाटली भरायच्या निमित्तानं बाई त्याच्या मागून गेल्या. तो फोनवर होता, आणि चक्क घडाघडा बोलत होता.

“छत्तीस? मागच्या खेपेला चौतीस होती, नीट बघ. आणि घेर? बरं, पट्टा जरा रुंद लावतो. महिन्याभरात पाठवतो.”

बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गडी बाहेरून मागण्या घेत होता! रबर इथलं, वीज इथली, चाक इथलं, आणि धंदा स्वतःचा. त्याच दुपारी त्यांनी साहेबांच्या नावे तक्रार लिहिली आणि खणात ठेवली. वाईट एवढंच वाटलं, की माणूस कामाला वाघ होता. पण पुराव्याशिवाय कुणावर बोट ठेवायचं नाही, हा त्यांचा नियम. आता पुरावा पायाशी पडला होता.

सुट्टीची घंटा होताच त्यांनी घुम्याला आत बोलावलं, दार लोटलं आणि त्याच्यासमोर पार्सलची सुतळी कापली. आतून पाय निघाला. गुडघ्याखालचा, लहान मुलाच्या मापाचा, पट्ट्यासकट.

“गिऱ्हाइकानं माल परत धाडला वाटतं,” बाई म्हणाल्या. “कुणाकुणाला विकलेस? खरं सांग, नाहीतर हा कागद आत्ता साहेबांकडे जाईल.”

घुम्या आपल्या कपाटाकडे गेला, एक पोतं घेऊन आला आणि त्यातून आणखी चार पाय काढून टेबलावर ओळीनं मांडले. पहिला वीतभराहून थोडा मोठा. पुढचा प्रत्येक त्याहून उंच.

तपासायच्या सवयीनं बाईंनी एकेक हातात घेतला. पावलं ओळखीची होती. मोठ्या माणसांची नापास पावलं घासून घासून कुणी तरी इवलीशी केली होती. बोटंसुद्धा नव्यानं कोरली होती. विकायच्या मालावर एवढी मेहनत कोण घेतं? बाईंच्या कपाळाला आठी पडली.

“हे सगळे डावेच कसे?”

“उजवा आहे तिला,” घुम्या म्हणाला. “जन्मापासून एकच.”

बाई खुर्चीत बसल्या.

मग पाच वर्षांत बोलला नव्हता तेवढं घुम्या दहा मिनिटांत बोलला. मुलगी आठ वर्षांची. दोन दिवसांच्या प्रवासाइतकी लांब, आईजवळ. पूर्वी तो विटा वाहायचा. तेव्हा कुणा भल्या माणसांनी तिला एक पाय दिला होता. वर्षात तो आखूड पडला.

“एक पाय कुणीही देतं, बाई. दर वर्षी कोण देणार? म्हणून विटा सोडून इथं चिकटलो. म्हटलं, बघून बघून शिकू.”

प्लास्टर गुंडाळून साचा कसा काढायचा, ते त्यानं बायकोला फोनवरून शिकवलं. पहिला पाय टोचला. दुसरा निसटायचा. तिसऱ्यानं रक्त काढलं. चौथा घालून पोरगी फोटोपुरती उभी राहिली. कुठं चुकलं ते बघायला तो प्रत्येक पाय परत मागवायचा.

“मला का नाही विचारलंस?”

“तुम्ही नाही म्हटलं असतं, तर पिंपाला कुलूप लागलं असतं.”

बाईंना राग आला, कारण ते खरं होतं.

“आणि हा पाचवा? याचं काय चुकलं?”

घुम्यानं पार्सलमधला पाय उचलून उलटा धरला. आधीच्या चारही पायांचे तळवे कोरे होते, दुकानातून आत्ता आणल्यासारखे. याचा अंगठा झिजून भोक पडलं होतं, टाच एका बाजूनं सपाट झाली होती आणि भेगांत वाळलेला चिखल होता. घुम्या त्या भोकावरून अंगठा फिरवत राहिला.

“हा टोचत नाही, असं पोरगी फोनवर सांगत होती,” तो हळूच म्हणाला. “पण मला वाटलं, बापाचं मन राखायला सांगते.”

बाईंनी तक्रारीचा कागद फाडला आणि मागणीची चिठ्ठी पुढं ओढली.

“पुढच्या पायाला भांडारातलं नवं पाऊल. साहेबांशी मी बोलते. पण आत्ता ती चालते कशावर?”

“सहावा पोचला मागच्या आठवड्यात. तो मिळाला, तेव्हाच हा धाडला.”

“तो बसलाय ना नीट? माप सांग, म्हणजे पुढचं कळेल.”

“तेच कळेना, बाई.” घुम्याच्या तोंडावरचं फडकं कधीच खाली आलं होतं. “चार दिवस तिची आई टेप घेऊन मागं धावतेय. पोरगी हाती लागत नाही.”